खंडेनवमीला घासलेलं रिव्हॉल्वर

धुळ्यातल्या आमच्या दुकानात येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मालक कुठे आहेत?" मी म्हणते, "मालक जेवायला गेलेत. काय काम आहे?" तो म्हणतो, "थांबतो मी." मग बाकावर बसतो, छताकडे बघतो, आणि दहा मिनिटांनी माझ्या हातात सुटं झालेलं रिव्हॉल्वर दिसलं की बाकाच्या टोकाला सरकून विचारतो, "हे तुम्ही करता?"

हे मी करते. नऊ वर्षं झाली. आयटीआयमधून फिटर झाले तेव्हा वर्गात मुली दोन होत्या. दुसरीला शिरपूरच्या सूतगिरणीत काम मिळालं. मला कुठेच मिळेना, म्हणून बाबांच्या ओळखीने मी नानांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारीला लागले. घरी हे पटवणं सोपं नव्हतं. बाबांची पायाने चालवायची छपाईची ट्रेडल होती. सभा, मोर्चे, संप, जयंत्या, सगळ्यांची पत्रकं आमच्याकडे छापली जायची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. घड्या घालता घालता वाचायचं, आणि पत्रकात तर प्रत्येक वाक्य कोणाला ना कोणाला जाब विचारतं. शाळेत निबंध लिहिला तरी शेवटी मागण्या यायच्या. अशा घरातली मुलगी हत्यारं दुरुस्त करणार म्हटल्यावर बाबा चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "जा. पण ही हत्यारं कोणाकोणाच्या घरात असतात, ते डोळे उघडे ठेवून बघ."

बघितलं. परवान्याचं हत्यार गरज म्हणून घरात येणं फार क्वचित. बहुतेक वेळा ते फेट्याच्या तुऱ्यासारखं असतं. चोपड्याकडचा एक केळी बागायतदार रानडुकरांसाठी परवाना आहे म्हणायचा, पण त्याच्या बंदुकीच्या नळीत कोळ्याने जाळं केलं होतं. जळगावचे एक सराफ दर महिन्याला रिव्हॉल्वर तेल द्यायला आणतात. चाप मोकळा चालतो का बघतात आणि समाधानाने चहा पिऊन जातात. एक नवरदेव आला होता, त्याला आजोबांचं रिव्हॉल्वर चकचकीत करून हवं होतं, फोटोसाठी. मी म्हटलं, "चकचकीत केलं तर त्याची किंमत जाईल." तो म्हणाला, "ताई, किंमत माझी वाढायला हवी." नानांनी हसून त्याला परत पाठवलं.

पण हत्यारांबद्दल राग असूनही हे काम मला मनापासून आवडतं, हे कबूल केलं पाहिजे. माणसं आपल्या हत्याराविषयी काहीही सांगतात. लोखंड मात्र एकच गोष्ट सांगतं.

जुनं रिव्हॉल्वर हातात आलं की त्याचं वय कसं काढायचं, ते सांगते. आधी बघायचं, ते उघडतं कसं. फार जुन्यांत चक्रीच्या, म्हणजे काडतुसांची घरं असलेल्या फिरत्या भागाच्या, मागे एक छोटी झडप असते. त्यातून एकेक काडतूस भरायचं, आणि रिकामी टरफलं काडीने एकेक ढकलून काढायची. त्यानंतरची मधून मोडतात. पुढे बिजागरी असते, नळी खाली झुकते आणि चक्रीतून एक चांदणी वर येऊन सगळी टरफलं एकदम बाहेर फेकते. त्यानंतर आली ती डावीकडे चक्री बाहेर काढणारी. पण नवशिका इथेच फसतो. नवी रचना आली म्हणून जुनी बंद होत नाही. मोडणारी रिव्हॉल्वरं आपल्या देशात आजही बनतात. म्हणजे रचनेवरून एवढंच कळतं, की हे अमुक काळाच्या आधीचं असू शकत नाही. नंतरचं असू शकतं.

मग मूठ बघायची. लाकूड आहे, की एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं काळं रबर, की साधं प्लास्टिक. काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याच्या नाकावरच टोकदार सुई आहे, की सुई वेगळी आत बसवलेली आहे. स्क्रूचे आटे आजचे आहेत की जुन्या विलायती मापाचे. नळीत फिरत जाणाऱ्या खाचा यंत्राने सारख्या पाडलेल्या आहेत की हाताने ओरबाडल्यासारख्या. आणि शेवटी ठसे. विलायतेत प्रत्येक हत्यार विकण्याआधी जास्त दारू भरून उडवून बघत, आणि फुटलं नाही तर चक्रीच्या प्रत्येक घरापाशी बारीक मुकुटाचा ठसा ठोकत. या सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर वय ठरतं. एक जरी जुळली नाही तर थांबायचं. नाना म्हणतात, "एका साक्षीदारावर निकाल देऊ नको." मी तो एकदा दिला, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

दोन वर्षांपूर्वी निवडणुकीच्या आधी परवान्याची हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला होता. दुकानात गर्दी होती. त्या गर्दीत सोनगीरजवळच्या एका गावातून सुमनअक्का आल्या. सत्तरीच्या असतील. बरोबर मुलगा राजू, नरडाण्याच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा. अक्कांनी पिशवीतून लाल फडक्यात बांधलेलं रिव्हॉल्वर काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यांनी नानांची चौकशी केली नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

"हाई आम्हले घरमा नको व माय," त्या म्हणाल्या. "मालक गया. आते कोनले पाह्यजे हाई?"

राजूने खुलासा केला. परवाना आधी आजोबांच्या नावावर, मग वडिलांच्या. वडील वारले. परवाना पुढे चालवायचा नाही, रिव्हॉल्वर सरकारजमा करायचं होतं. त्यासाठी दुकानात ठेवून, नंबर तपासून, ठाण्याला कळवावं लागतं.

मी फडकं सोडलं. बत्तीस बोअरचं, मधून मोडणारं रिव्हॉल्वर. पण असं मी कधी पाहिलं नव्हतं. वरचा काळानिळा मुलामा पूर्ण गेलेला, आणि सगळं रिव्हॉल्वर देवघरातल्या पळीसारखं पांढरं लख्ख. बिजागरीच्या फटीत कुंकू, शेंदूर आणि तेल साचून लाखेसारखं कडक झालं होतं. जोर न लावता ते अर्धंच उघडलं. चक्रीची सहाही घरं रिकामी दिसली तेवढं बरं. पण बाहेरून कारखान्याचं नाव नाही, नंबरही नाही. जिथे नंबर असायला हवा तिथे नुसतं गुळगुळीत लोखंड.

ठाण्याला कळवणं भाग होतं. तिथले फौजदार गावित स्वतः दुकानात आले. शांत माणूस, पण संशय घेणं हे त्यांचं कामच. रिव्हॉल्वर उलटंसुलटं करून म्हणाले, "नंबर नाही, नाव नाही. असा माल सातपुड्याच्या पलीकडून येतो. गावठी, हुबेहूब विलायतीसारखा. खरं रिव्हॉल्वर कुठेतरी विकलं असेल आणि हे आणून ठेवलं असेल. असं आधी झालंय."

राजू बाकावरून उठला. "साहेब, मी याला हात पण लावलेला नाही."

"मग नंबर कुठे गेला? नंबर काढणं हाच गुन्हा आहे." ते माझ्याकडे वळले. "ताई, प्राथमिक माहिती लेखी द्या. हे काय आहे आणि नंबर मिळतो का."

नाना त्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनला जळगावला गेले होते. थांबता आलं असतं. पण एका म्हाताऱ्या बाईकडे संशयाने बघितलं गेलं, आणि माझ्या आतलं छापखान्यातलं पोर जागं झालं. मी मुठीचे दोन स्क्रू काढले. मुठीच्या आत, चौकटीवर तीन आकडे ठोकलेले दिसले. मी ते लिहून घेतले आणि अर्ध्या तासात दोन पानी अहवाल ठोकला. त्यात 'निरपराध वृद्धेला वेठीस धरण्याचा आम्ही निषेध करतो' हे वाक्य होतं. 'आम्ही' म्हणजे मी आणि दुकानातली शिसवी पेटी. शेवटी, सदर रिव्हॉल्वर अस्सल असून त्याचा नंबर हा आहे, असं ठासून लिहून मी ते तीन आकडे दिले.

परवान्यावरचा नंबर पाच आकडी होता.

दुसऱ्या दिवशी राजूला ठाण्यात बोलावलं. माझा कागद त्याच्यापुढे ठेवून विचारलं, "तुझ्याच बाजूची बाई लिहून देते की याचा नंबर वेगळा आहे. म्हणजे हे परवान्याचं नाही. मग परवान्याचं कुठाय?" गुन्हा नोंदवला गेला असता तर कंत्राटदाराने त्याला दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर काढलं असतं. घरात कमावणारा तो एकटाच.

नाना डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आले तेव्हा मी अहवालाची प्रत त्यांना वाचून दाखवली. ते पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "याच्या खाली मुद्रकाचं नाव राहिलं."

पत्रकाखाली असतं तसं. मी कागदाची घडी घातली.

"आणि तीन आकडे कसले?"

"मुठीखाली होते."

"अगं, कारखान्यात शंभर रिव्हॉल्वरं एकदम घासायला काढतात. कोणाचा भाग कोणाला जोडायचा, ते कळावं म्हणून आतून आकडे ठोकतात. तो कारागिराचा आकडा, हत्याराचा नंबर नव्हे. हे मी तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मला आठवतही होतं. पण रागाच्या भरात जो पुरावा हाताला लागला तो मी उचलला. अन्यायाविरुद्ध लिहिताना मजकूर तपासायची गरज नसते, असं मला तोवर कुठेतरी वाटत असावं. त्यामुळे एका निर्दोष माणसाला मी माझ्या सहीने अडकवलं होतं. आजही हे लिहिताना कान गरम होतात.

नानांनी गावितांना फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागितली. गावित म्हणाले, "सोमवारी मला पत्रक नको. पुरावा द्या." म्हणजे माझा अहवाल ठाण्यातही पत्रक म्हणूनच वाचला गेला होता.

चार दिवस होते. पहिले दोन दिवस मुठीच्या काळ्या पट्ट्या काढून रिव्हॉल्वर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. मग बांबूच्या काडीने बिजागरीतला थर उकरायला घेतला. लोखंडाचं अवजार लावायचं नाही, ओरखडा पडला तर उद्या तोच आपल्या अंगावर येईल. थरावर थर निघत होते. खाली तेलकट काळं, त्यावर शेंदूर, त्यावर कुंकू, पुन्हा तेल. एका थरात तांदळाचा दाणा निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारी बिजागरी सैल झाली आणि नळी पूर्ण खाली झुकली.

आतलं लोखंड बघून मी खुर्ची ओढून बसले. बाहेर पांढरं लख्ख, आणि आत सगळीकडे तो जुना गडद निळा रंग, काल कारखान्यातून आल्यासारखा. चक्रीच्या मागच्या बाजूला सहा घरांपाशी सहा बारीक मुकुट. नळीतल्या खाचा एकसारख्या. आणि नळीच्या बुडाशी, बिजागरीच्या आतल्या गालावर, पाच आकडे. बाहेरचाच नंबर कारखाना आतही ठोकतो. मी परवान्याची प्रत शेजारी ठेवून ते तीनदा वाचले. मग नानांना हाक मारली. त्यांनी भिंग लावून बऱ्या डोळ्याने वाचले. म्हणाले, "आता बाकीचे साक्षीदार घे." मी उड्या मारायच्या बेतात होते. बसले आणि एकेक घेतला.

सोमवारी आम्ही ठाण्यात गेलो. नाना, मी, राजू, अक्का. गावितांच्या टेबलावर मी पांढरा कागद पसरला आणि रिव्हॉल्वर त्यावर उघडून ठेवलं. आधी माझी चूक सांगितली. तीन आकड्यांचा अर्थ काय आणि मी तो कसा चुकवला, ते स्पष्ट सांगितलं. मग पाच आकडे दाखवले.

"आकडे कोणीही ठोकेल," गावित म्हणाले.

"ठोकेल. म्हणून हे बघा." मी मुठीचा स्क्रू काढला. त्याच भोकात बाजारातला त्याच जाडीचा नवा स्क्रू फिरवून दाखवला. दीड वेढा गेला आणि अडकला. "आटे जुने आहेत. गावठी करणारा बाजारातलाच स्क्रू वापरतो." मग मुठीची काळी पट्टी अंगठ्याने जोरात घासून त्यांच्यापुढे धरली. "वास घ्या साहेब."

त्यांनी आधी हवालदाराकडे पाहिलं, मग वास घेतला. "काडेपेटीसारखा येतोय."

"गंधकाचा. हे प्लास्टिक नाही, एबोनाइट आहे. उजेड लागून कडेला तपकिरी झालंय, ते वर्षानुवर्षांनी होतं. रंग लावून असं होत नाही. मुकुटाचे ठसे आतल्या निळ्या रंगाच्या खाली आहेत, वर नाहीत. म्हणजे आधी ठसा, मग मुलामा. हा नंबरही तसाच, रंगाच्या खाली. नंतर ठोकला असता तर रंग फुटला असता."

गावितांनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघितलं. "वय किती?"

"ऐंशीच्या वर, शंभरच्या आत. नेमकं वर्ष मी सांगणार नाही. पण राजूच्या जन्माआधीचं, आणि हेच परवान्याचं."

"ठीक. अस्सल आहे, परवान्याचं आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मग बाहेरचा नंबर कोणी काढला? तो प्रश्न राहतोच."

हवालदार दरवाजाशी उभा होता. तो हळूच नानांना म्हणाला, "वडिलांनी काढला म्हणा ना. ते तर गेले. मिटून जाईल."

राजूने मान खाली घातली. आणि मी, जिला लहानपणापासून खऱ्यासाठी भांडायला शिकवलं, तीही मनात म्हणत होते, म्हणा बाई, म्हणून टाका.

"गयेल माणूसवर कसाले ढकलतस?" अक्का म्हणाल्या. "भाऊ, ते मीच घासं. मन्हा आंडोरनी, राजूनी, हात बी नही लावा."

गावितांनी पेन खाली ठेवलं. "अक्का, कशाने घासलं? कानशीने?"

"कानस कसाले? चिंच, राख, विटना भुगा. काथ्याघाई."

काथ्याने घासायच्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न होऊन आल्या त्या वर्षीपासून, दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, घरातली पितळी भांडी, समई, तलवार आणि हे, सगळं त्यांच्यापुढे येई. शेजारचं सोनगीर म्हणजे तांब्यापितळेचं गाव. भांड्यात तोंड दिसलं नाही तर सासू परत घासायला लावायची, आणि लोखंड पितळेसारखं का उजळत नाही, हे सासऱ्यांना समजत नसे. घासलं की त्या ते पाटावर ठेवून बाहेर यायच्या. पूजा पुरुष करायचे. कुंकू, शेंदूर, तेल त्यांच्या हातचं.

"उघडून नाही घासलं कधी?" गावितांनी विचारलं.

"उघडाले आम्हले हुकूम नही व्हता."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "साहेब, कानस लागली तर एकाच दिशेच्या सरळ रेघा राहतात आणि तेवढ्याच जागी खड्डा पडतो. इथे खड्डा नाही. सगळ्या कडा सारख्या गोल झाल्यात. आणि एका जागी जुना रंग शिल्लक आहे, बघा." मुठीच्या वर, डाव्या अंगाला, सुपारीएवढा निळसर डाग होता. चार दिवस मी तो बघत होते, पण अर्थ लागत नव्हता. "अक्का, घासताना कसं धरायच्या, दाखवता?"

गावितांनी मान हलवली. मी रिकामं रिव्हॉल्वर बंद करून अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी ते हत्यारासारखं धरलं नाही. पळी धरावी तसं डाव्या हातात आडवं घेतलं, उजवा हात आपोआप पदराकडे गेला आणि पदराचं टोक नळीवरून फिरू लागलं. डावा अंगठा बरोबर त्या निळ्या डागावर होता. पूर्ण झाकून.

हवालदारही पुढे येऊन बघून गेला. मी आयुष्यात बरीच पत्रकं वाचली. हत्यारं पुजणाऱ्या घरांविषयी त्यांत जे लिहिलेलं असतं त्यातलं बरंच खरं आहे, आणि मी त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण त्या घरात हत्यार घासणारं कोण असतं, हे कोणत्याच पत्रकात नव्हतं.

गावितांनी जबाब लिहायला घेतला. चांगलं अक्षर होतं त्यांचं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: 'सदर रिव्हॉल्वरवरील क्रमांक मी अनेक वर्षे पूजेच्या आधी साफ करताना माझ्याकडून चुकून घासला गेला.' त्यांनी हे चांगल्या मनाने लिहिलं होतं. 'चुकून' म्हटलं की प्रकरण निवळतं.

"सही करा अक्का."

अक्कांनी कागद स्वतःकडे ओढला. चौथी शिकलेल्या होत्या. ओठ हलवत पूर्ण वाचला आणि बोट एका शब्दावर ठेवलं.

"हाई नको. चुकीसन नही भाऊ. माले सांगं, म्हनीसन घासं."

राजू म्हणाला, "आई, असू दे ना, काय फरक पडतो?"

"पडस," अक्का म्हणाल्या. "मन्हा हातना काममा चूक नही व्हती."

गावितांनी माझ्याकडे बघितलं. आता मी काहीतरी निषेध वगैरे म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मी अक्कांपुढचा कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी 'माझ्याकडून चुकून' हे शब्द एका रेघेने खोडले आणि वर लिहिलं, 'घरच्यांनी सांगितल्यावरून'. पुढच्या 'गेला'पर्यंत वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. बसतंय म्हणाले. जबाबात खाडाखोड झाली की तिच्या शेजारी सही घ्यावी लागते. म्हणून अक्कांनी आधी तिथे, समासात, आणि मग खाली, अशी दोनदा सही केली. पूर्ण नाव, सावकाश, रेघ न सोडता. त्या रिव्हॉल्वरच्या कागदांत आधी सासऱ्यांचं नाव होतं, मग नवऱ्याचं, आणि शेवटचं नाव त्यांचं.